हजार वर्षं बाहेर

रविवार, ६ नोव्हेंबर २०२२, दुपारी पावणेचार. रक्कम एक्कावन्न पौंड, रोख. हजर : पाळकसाहेब, सिस्टरबाई, आयटीवाले ब्रदर आणि मी. पैसे आईचे होते, पण आई आत नव्हती. ती बाहेर कॉरिडॉरमध्ये रेडिएटरजवळच्या खुर्चीवर कोट न काढता बसली होती. रेडिएटर बंद होता.

आमची मंडळी, म्हणजे मराठी ख्रिस्ती लोकांचं चर्च, लहान. कॉव्हेंट्रीतल्या एका इंग्रज चर्चचा हॉल आम्ही महिन्यातून दोन रविवार दुपारी भाड्याने घेतो. उपासनेला चाळीसएक माणसं असतात, नाताळात साठ. बहुतेक नगर, पुणे, मिरज इकडची, आणि आता त्यांची इथं जन्मलेली मुलं. साडेचारला हॉल घानाच्या मंडळीला द्यावा लागतो, म्हणून आमच्याकडे कुठलाही वाद पाऊण तासाच्या वर चालत नाही.

नगरकडची एक रीत आम्ही इथंही चालू ठेवली आहे. कुणाचं ऑपरेशन नीट झालं, कुणाला नोकरी लागली की ते कुटुंब पाकिटात पैसे घालून वर चिठ्ठी लावतं. चिठ्ठी उपासनेत मोठ्यानं वाचली जाते, त्याला उपकारदान म्हणतात. नोव्हेंबरात, नाताळपूर्वीचा आगमनकाळ सुरू होण्याआधीच्या रविवारी, अशीच एक मोठी यादी वाचतात. तिचा मथळा ‘प्रभूमध्ये निजलेले’. ज्यांच्या घरचं कुणी गेलं आहे ते नाव आणि पाकीट देतात. नावं वाचताना सगळे उभे राहतात. ही यादी अकरा वर्षं मी करत होतो, कारण मी मंडळीचा चिटणीस होतो आणि माझ्या हातून स्पेलिंग चुकत नाही.

त्या वर्षी आईनं पाकीट दिलं. चिठ्ठीवर तिच्या नर्सच्या अक्षरात माझ्या धाकट्या भावाचं नाव होतं. तो त्याच वर्षी मार्चमध्ये सेहेचाळिसाव्या वर्षी गेला. लिव्हर. मी ते नाव यादीत सोळाव्या क्रमांकावर लिहिलं आणि रीतीप्रमाणे यादी कमिटीपुढे ठेवली. पंधरा नावं कुणी वाचलीसुद्धा नाहीत. सोळाव्यावर सिस्टरबाईंनी चष्मा काढला.

भावाबद्दल आधी सांगायला हवं. १९७३ साली आई नर्स म्हणून इकडे आली, वर्षभरानं वडील आले आणि गाड्यांच्या कारखान्यात लागले. मी पाच वर्षांचा होतो. घर झालं की बोलावून घेऊ असं सांगून मला नगरला मावशीकडे ठेवलं. घर व्हायला अकरा वर्षं लागली. मी विमानतळावर उतरलो तेव्हा हा आठ वर्षांचा होता. आईच्या कोटामागे लपून त्यानं इंग्रजीत विचारलं होतं, हा कोण. बायबलमधला उधळ्या पुत्राचा दाखला, धाकटा परत आला म्हणून बापानं मेजवानी दिली आणि थोरला रुसून बाहेर राहिला तो, मला कुणी समजावून सांगू नये. मला तो पाठ आहे, आणि त्यातला थोरला मुलगा शेवटी आत गेला की नाही हे त्यात सांगितलेलं नाही, हेही मला माहीत आहे.

हा देखणा, आवाजाचा, ढोलकी वाजवणारा. चौदाव्या वर्षी त्यानं स्वतःहून बाप्तिस्मा घेतला. तरुण संघ त्यानंच उभा केला. त्याची विश्वासाची साक्ष ऐकून दोन माणसं दारू सोडून बसली, त्यातला एक आज पियानो वाजवतो. मग तिशी उलटल्यावर तो हळूहळू येईनासा झाला. एका इंग्रज बाईबरोबर राहू लागला, लग्नाशिवाय, नऊ वर्षं. पिऊ लागला. एका नाताळच्या कार्यक्रमाला आईच्या आग्रहानं आला, तर पाळकसाहेबांनी त्याला गाणं म्हणायला सांगितलं. तो उठून उभा राहिला आणि म्हणाला, “सॉरी, मला हे आता खरं वाटत नाही. खोटं गाऊ नये, हे तुम्हीच शिकवलंत.” एवढं बोलून खाली बसला आणि बिर्याणी खाऊन गेला. पुढे त्या बाईशी रजिस्टर लग्न केलं. गेला तेव्हा दफनाला मंडळीतलं कुणी नव्हतं, त्याच्या बायकोखेरीज फक्त आई, मी आणि माझी बायको. प्रार्थना झाली नाही. कौन्सिलच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, माणसानं चार शब्द बोलून बावीस मिनिटांत सगळं आटोपलं.

तर सिस्टरबाईंनी चष्मा काढला. या बाई आईच्या जुन्या मैत्रीण. दोघी नर्स म्हणून एकाच आठवड्यात या देशात उतरल्या आणि हॉस्पिटलच्या एकाच खोलीत वर्षभर राहिल्या. मला त्या अजूनही अरे-तुरे करतात.

“हे नाव इथं कसं आलं रे?”

“आईनं दिलं.”

“आईनं देणारच. पण मथळा काय आहे? प्रभूमध्ये निजलेले. हा प्रभूमध्ये होता का? चारचौघांत उभं राहून नाही म्हणाला तो. मी समोर होते.”

पाळकसाहेब आठवडाभर पार्सलची व्हॅन चालवतात आणि रविवारी उपदेश करतात. त्या दिवशीही त्यांच्या पँटला पार्सलच्या टेपचा तुकडा चिकटलेला होता. ते शांतपणे म्हणाले, “बाई, पोरगा नालायक निघाला म्हणून बापाचं आडनाव जातं का? एकदा देवाचं लेकरू झाला तो झाला. बक्षीस जाईल. पण तारण, देवानं दिलेली मुक्ती, ती जात नाही.”

“वा! म्हणजे तारण काय सीझन तिकीट आहे? एकदा काढलं की बसा कुठंही, उतरा कुठंही? मग आम्ही पन्नास वर्षं कशाला खपलो?”

“तुम्ही तारणासाठी खपलात का बाई?”

“शब्दांत पकडू नका मला. इशारे दिलेत ते काय गंमत म्हणून दिलेत? नाकाराल तर नाकारले जाल, हे कुणासाठी आहे? हिंदू लोकांसाठी?”

आयटीवाले ब्रदर आमच्यात सगळ्यांत तरुण, चाळिशीचे. मोबाइलवर चार भाषांतरं आणि मूळ ग्रीक घेऊन बसतात. ते म्हणाले, “तुम्ही दोघंही अर्धे बरोबर आहात.”

“झालं,” सिस्टरबाई म्हणाल्या.

“ऐकून तर घ्या. तारण वेगळं आणि राज्य वेगळं. तारण फुकट आहे, ते जात नाही. पण प्रभू येऊन हजार वर्षं राज्य करणार, त्यात वाटा फक्त विश्वासू लोकांना. अविश्वासू सेवकाला बाहेरच्या अंधारात टाकलं, आठवतं ना? तो सेवकच होता, परका नव्हता. म्हणजे असा विश्वासी हजार वर्षं बाहेर राहणार. रडणं, दात खाणं, सगळं. आणि मग हजार संपली की आत. कायमचा.”

“ही तर कॅथलिकांची परगेटरीच की, मेल्यावर पापं फेडायची जागा! ब्रदर, तुम्ही रोमन कधी झालात?”

“परगेटरी नाही हो. परगेटरीतून मागच्यांनी चर्चमध्ये मिसा अर्पण केली की सुटका होते. यातून होत नाही. पूर्ण मुदत.”

पाळकसाहेब हसले. “चहा घ्या बाई, गार होतोय.”

मी कबूल केलं पाहिजे की तिघांपैकी आयटीवाल्या ब्रदरांचं म्हणणं मला सर्वांत पटलं. मी आयुष्यभर हॉस्पिटलच्या पगार खात्यात काम केलं आहे. सगळं माफ, हे मला कधी पचलं नाही. सगळं संपलं, हेही भावाच्या बाबतीत पचेना. मुदत आखून दिलेली शिक्षा मला न्यायाची वाटली. सभेच्या मिनिट्सच्या वहीत मी तिन्ही मतं नीट लिहून घेतली. ती वही आज वाचली तरी कुणाचाही मुद्दा निसटलेला नाही.

सव्वाचारला बाहेर घानाच्या मंडळीचे ड्रम उतरायला लागले. पाळकसाहेब म्हणाले, मत घेऊ. नाव वाचावं, असा त्यांचा स्वतःचा हात. वाचू नये, असा सिस्टरबाईंचा. ब्रदर म्हणाले, “नाव वाचा, पण वेगळ्या मथळ्याखाली. नुसतं ‘स्मरण’ लिहा.” त्याला कुणी अनुमोदन दिलं नाही. एकाच नावासाठी वेगळा मथळा म्हणजे चौकात उभं करणं, असं पाळकसाहेब म्हणाले, आणि त्या एकाच गोष्टीवर सिस्टरबाईंचं त्यांच्याशी जुळलं. मग ब्रदर म्हणाले, “प्रश्नच चुकीचा मांडलाय. मी तटस्थ.”

राहिलो मी.

“मी तटस्थ,” मी म्हटलं.

पाळकसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. “अहो, तुमचा सख्खा भाऊ आहे.”

“म्हणूनच.”

नियम होता. ज्याचा नातेवाईक संबंधित असेल त्यानं मत देऊ नये. हॉलच्या कॅटरिंगचं काम एकानं मेव्हण्याला दिलं होतं, त्यानंतर हा नियम मीच लिहिला होता. दुसराही नियम माझाच : समान मतं पडली तर ठराव फेटाळला जाईल. एक विरुद्ध एक. मी लाल पेनानं सोळावा क्रमांक खोडला आणि सही केली. सिस्टरबाई उठताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, “कठीण होतं, पण नीट वागलास.” त्या वेळी मला ते बरं वाटलं होतं. ते लपवून उपयोग नाही.

पाकीट मी कॉरिडॉरमध्येच आईच्या हातात परत दिलं. तिनं ते न उघडता पर्समध्ये टाकलं. रिंग रोड संपल्यावर गाडीत तिनं विचारलं.

“मग? वाचणार का?”

“नाही आई. बरोबरीत पडलं.”

“विरुद्ध कोण होतं?”

“सिस्टरबाई.”

“ती असणारच. तिला देवापेक्षा जास्त माहीत असतं. आणि तू?”

“मला मत देता येत नव्हतं. नात्याचा प्रश्न होता.”

सिग्नल लागला. सुटला. तिला धीर द्यावा म्हणून मी बोलायला लागलो. इथं माझी चूक झाली, आणि ती मी चांगल्या हेतूनं केली एवढंच तिच्या बाजूनं म्हणता येईल. मी तिला ब्रदरांचं म्हणणं समजावून सांगितलं. नरक नाही, कायमचं काही नाही. फक्त मुदत. त्यानंतर तो आपल्यात येणार.

“किती म्हणालास?”

“हजार वर्षं.”

“हजार.” तिनं तो आकडा पेशंटचा ताप सांगितल्यासारखा म्हटला. “आणि मी आत?”

“हो. तू विश्वासू आहेस.”

“बाहेर त्याच्याबरोबर कोण असतं?”

“ते काही सांगितलेलं नाही.”

“दिवा?”

“आई, अंधार म्हटलंय.”

मग ती अगदी साध्या आवाजात, दुकानातून काय आणायचं ते सांगावं तशी म्हणाली, “मग मीही बाहेरच थांबते. अडतीस वर्षं नाईट ड्यूट्या केल्या. अंधारात कण्हणाऱ्या माणसाजवळ बसायची मला सवय आहे. तुमच्या त्या लख्ख राज्यात मी करणार काय?”

“असं ठरवता येत नाही आई.”

“मी काय तुला विचारतेय का?”

मला वाटलं, दुःखात बोलली. पण डिसेंबरच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन होतं. भाकरीचं ताट तिच्यापर्यंत आलं, तिनं ते घेतलं आणि एक तुकडाही न उचलता माझ्याकडे दिलं. द्राक्षरसाच्या लहान पेल्यांचा ट्रे आला, तोही दिला. मी कुजबुजलो, “आई, चुकून राहिलं का?” ती पुढे बघत म्हणाली, “जिथं त्याला ताट नाही तिथं मला नको. खा तू.” मी खाल्लं. तिच्याकडून हातात आलेल्या ताटातलं.

बाप्तिस्मा झाल्यापासून, म्हणजे साठएक वर्षं, या बाईनं प्रभुभोजन चुकवलं नव्हतं. माझ्या जन्माच्या आठवड्यातही पाळकांना वॉर्डमध्ये बोलावलं होतं म्हणे. आता ती दर महिन्याला येई, गाणी म्हणे, उपदेश ऐके आणि ताट पुढे सरकवी. मागच्या बाकावरच्या बायका ते बघत. पाळकसाहेब घरी आले. हात जोडून म्हणाले, “आई, मी तर तुमच्या बाजूनं होतो. मी रोज मनात त्याचं नाव घेतो.”

“मनात कशाला?” ती म्हणाली. “माईक आहे ना तुमच्याकडे?”

ते चहा पिऊन गेले.

जानेवारीत सिस्टरबाई आल्या. दोघी फ्रंट रूममध्ये बसल्या. मी दार बंद केलं नव्हतं.

“अगं, वेडी झालीस का? स्वतःचं तारण पणाला लावतेस तू.”

“तूच म्हणतेस ना, तारण जातं म्हणून? जाऊ दे माझं. त्याचं जिथं गेलं तिथंच जाईल. एका ठिकाणी सापडेल.”

“चेष्टा करू नकोस.”

“चेष्टा तू केलीस. हा झाला तेव्हा तू होतीस लेबर वॉर्डात. तू धुतलास त्याला पहिल्यांदा. आठवतं?”

“आठवतं.”

“मग वहीवरून पुसताना हात नाही कापला?”

मग सिस्टरबाईंचा आवाज आला. “मी भीतीनं म्हणते गं. तुला काय वाटतं, मला आवडतं का? माझी दोन्ही मुलं चर्चला जात नाहीत. मी जर म्हटलं की काही होत नाही, तर ते कधीच परत यायचे नाहीत.”

“आणि म्हणून माझ्या पोराला बाहेर ठेवलास. तुझ्या दोघांना दिसावं म्हणून.”

सिस्टरबाई गेल्या त्या छत्री विसरून. आईनं ती दुसऱ्या दिवशी माझ्याच हाती पाठवली.

घरात माझी बायको या विषयावर एकदाच बोलली. “अहो, एक हात वर करायला काय झालं होतं तुम्हाला?” मी नियम सांगितला. ती म्हणाली, “आईंना नियम सांगा,” आणि इस्त्री करायला गेली.

२०२३ च्या नोव्हेंबरात मी विषय पुन्हा कमिटीपुढे ठेवायचा प्रयत्न केला. अडीच पानांचा मसुदा केला होता. यादीचा मथळा बदलावा, कोण निजला आणि कोण नाही हे मंडळीनं ठरवू नये, एवढाच सारांश. आयटीवाले ब्रदर तोवर ग्लासगोला नोकरीवर गेले होते आणि त्यांची जागा रिकामी होती. पाळकसाहेबांनी मसुदा हातातसुद्धा घेतला नाही. “आता नको. दोन कुटुंबं आधीच इंग्रज चर्चला जायला लागलीत. हा विषय काढला तर उरलेली फुटतील.” म्हणजे ज्यांनी माझ्या भावाच्या बाजूनं हात वर केला होता, त्यांनीच वर्षभरानं कागद बाजूला सारला. त्यांचं तत्त्व बदललं नव्हतं. तारण जात नाही, असा त्या महिन्यातही त्यांनी उत्तम उपदेश केला. त्या वर्षीच्या यादीत एकोणीस नावं होती. मी ती शेवटची टाईप केली आणि चिटणीसपद सोडलं. तोवर पद सोडून कुणाचंच काही अडणार नव्हतं.

या एका वर्षात मी बरंच वाचलं. तिन्ही बाजूंना वचनं आहेत, आणि प्रत्येक बाजू दुसरीच्या वचनांना मुरड घालते. तारण जातं की राहतं, हे मला आजही माहीत नाही. पण एक गोष्ट फार उशिरा लक्षात आली. त्या दुपारी मला देवाचा निकाल कुणी विचारलाच नव्हता. एका म्हाताऱ्या बाईच्या मुलाचं नाव चाळीस माणसांसमोर वाचायचं का, एवढंच विचारलं होतं. त्यावर माझं उत्तर तटस्थ होतं.

आई ९ फेब्रुवारी २०२४ ला गेली. न्यूमोनिया, हॉस्पिटलात चार दिवस. शेवटच्या दिवशी पाळकसाहेब भाकर आणि रस डबीत घेऊन आले होते. तिनं डोळे उघडले, डबीकडे बघितलं आणि मान हलवली, तीही हळू, त्यांना वाईट वाटू नये अशी. मी पलंगाच्या दुसऱ्या बाजूला होतो. घे म्हणावं असं वाटलं, पण म्हणालो नाही.

तिच्या कपाटात एक कागद निघाला. कॉव्हेंट्रीत मंडळीची कबरींची एक रांग आहे. तिथं २००९ साली वडिलांना पुरलं, दोघं एकावर एक मावतील अशी खोल कबर घेऊन, वरची जागा आईसाठी. कागदावर लिहिलं होतं : मला तिथं ठेवू नका. धाकट्याबरोबर ठेवा. तुझे वडील विश्वासू होते, ते आत असतील, त्यांची काळजी नाही. आणि खाली : हे मी शुद्धीत लिहिलं आहे. नर्सच होती, तारीख आणि वेळही घातली होती.

असा कागद कायद्यानं बंधनकारक नसतो, हे मी तपासलं. तपासलं, हे लिहून ठेवतो.

भावाची कबर कॉव्हेंट्रीपासून अर्ध्या तासावरच्या एका गावात आहे. तिचा हक्क त्याच्या बायकोच्या नावावर, तिच्या सहीशिवाय ती उघडता येत नाही. आमच्या मंडळीत तिला ‘ती मड्डम’ म्हणत. ती एका शाळेच्या किचनमध्ये काम करते. मी गेलो तेव्हा नुकतीच कामावरून आली होती, केसांना अजून जाळी होती. बोलणं इंग्रजीत झालं, मी मराठीत लिहितो.

“कागद दाखवू नकोस,” ती म्हणाली. “तिनं मला ऑगस्टमध्येच विचारलं होतं. मी हो म्हटलं.”

“पण वरची जागा तुझी आहे ना?”

“होती.”

मग मी तेच विचारलं जे मी कुठंही विचारतो. “याचे किती द्यायचे?”

ती हसली. चांगलं हसली नाही. “तो म्हणायचा, तू देवदूतालाही पावती मागशील.” जाळी काढून तिनं टेबलावर ठेवली. “हे बघ. आईला मी ती जागा अशीच दिली होती. ती स्वतः मागायला आली असती तर एक पैसा घेतला नसता. पण न्यायला तू आलायस. तुला विकत घ्यावी लागेल.”

ती आईला ‘आई’च म्हणत असे, आमच्याच उच्चारात. भावानं शिकवलं असणार.

“नव्या कबरीचा दर काय आहे ते मला माहीत आहे. मला आता दुसरी घ्यायला लागेल, त्याच्यापासून लांब. त्याची पूर्ण किंमत दे. अर्धी नाही.”

“देतो.”

“त्या यादीचं तिनं सांगितलं मला.” आता तिचा आवाज खाली आला. “त्याचा विश्वास नव्हता, खरं आहे. माझाही नाही. ते नाव वाचलं असतं तरी त्याला काही फरक पडला नसता. पण तुम्ही चार माणसं होतात आणि तू त्याचा भाऊ होतास.”

“तसा नियम—”

“तिनं नियमही सांगितला,” ती म्हणाली. “फॉर्म कुठाय? सही करते.”

दफन २७ फेब्रुवारीला झालं. पाळकसाहेब डिलिव्हरी अर्धवट टाकून व्हॅन घेऊनच आले आणि प्रार्थना त्यांनी नीट केली. मंडळीतले अकरा जण आले. त्यांना पहिल्यांदाच माझ्या भावाच्या कबरीपाशी उभं राहावं लागलं. पेटी खाली गेली तेव्हा दोघीतिघी बायका दगडावरचं माझ्या भावाचं नाव वाचत होत्या. सिस्टरबाई काठी घेऊन माझ्याशेजारी आल्या.

“यंदा तिचं नाव पहिलं घ्यायला सांगते मी. मंडळीची जुनी विश्वासू सभासद.”

“बाई, चौदा महिने तिनं प्रभुभोजन घेतलं नाही. मोजून चौदा वेळा ताट परत केलं. मरतानाही नाकारलं. कमिटी बसवणार की नाही?”

“ते वेगळं होतं रे.”

“कसं वेगळं?”

त्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. मग त्या म्हणाल्या, “तू हिशेब फार करतोस.” आणि काठी रोवत व्हॅनकडे चालू लागल्या. त्या पन्नास वर्षं मैत्री असलेल्या बाईला पुरून परत निघाल्या होत्या. मी त्यांचा हात धरायला हवा होता. धरला नाही.

भावाची बायको थोडी लांब, कामाचा कोट घालून उभी होती. तिला कुणी चहाला चला म्हटलं नाही. मीही म्हटलं नाही. म्हटलं असतं तरी ती आली नसती, हे माझं म्हणणं आहे. त्याला पुरावा नाही.

कबर पुन्हा उघडण्याची फी कौन्सिलला भरली. आई त्या गावची रहिवासी नव्हती, म्हणून दुप्पट : एक हजार नऊशे चाळीस पौंड, कार्डानं. भावाच्या बायकोला तिच्या जागेचे दोन हजार सहाशे दहा पौंड, बँक ट्रान्सफरनं, १ मार्चला. तिनं पोच दिली नाही, आणि मी मागितली नाही.